केळीच्या घडांसाठी काढलेली हवा

केळीला डाग पडू नये म्हणून मी एकदा जीपच्या मागच्या दोन टायरांमधली हवा काढली होती. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता. अंबाड्यातला आकडा उपसला, टायरच्या नळीत जी बारीक खिट्टी असते तिच्यावर दाबून धरला आणि फुस्स आवाज ऐकत शंभरापर्यंत मोजलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायची वाट बघत बसण्याचं वय केव्हाच होऊन गेलेलं. ती बाई आज मला भेटली, तर तिचा आकडा काढून घेईन आणि तिला जीपच्या मागं पायी चालवीन.

झालं असं की खकनारला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मे महिना. आमचं घर लोधीपुऱ्यात आणि केळीचं शेत दापोऱ्याला. मांडवाच्या दाराला केळीचे खांब आणि आत टांगायला घड आमच्याकडून जायचे होते. बहीण फोनवर म्हणाली, "ताई, तुमची केळी इथं येईस्तोवर काळी पडतात गं. मागच्या लग्नात लोक विचारत होते, ही केळी आहेत की वांगी." बास. त्या बाईच्या, म्हणजे माझ्या, डोक्यात ती वांगी जाऊन बसली. मी ठरवलं, एकही डाग नसलेले वीस घड मांडवात टांगेन आणि तिच्या सासरच्यांना प्रत्येक केळं फिरवून दाखवीन.

केळीचं एक वाईट असतं. मार लागला तर लगेच दिसत नाही. घड हिरवागार, तुकतुकीत दिसतो आणि दुसऱ्या दिवशी जिथं आपटला तिथं काळा होतो. म्हणून आमच्याकडे माणसं घड खांद्यावर असा घेतात, की सख्ख्या लेकरालाही कुणी इतक्या हळू उचलत नाही. मी वीस घड जुन्या लुगड्यांत आणि केळीच्या सुक्या पानांत गुंडाळले, जीपच्या मागं गोधड्या अंथरल्या. पण शेतापासून सडकेपर्यंतचा रस्ता! पावसाळ्यात बैलगाड्यांनी चिखलात पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या वाळलेल्या. जीप तिथून जाताना माझे दात एकमेकांवर आपटायचे, तिथं केळ्यांची काय कथा.

आणि मला आठवलं की पावसाळ्यात ट्रॅक्टरवाले चिखलात फसले की चाकातली थोडी हवा काढतात. चाक पसरतं, उंटाच्या पायासारखं जमिनीवर बसतं. मी मनात गणित मांडलं. टायर नरम तर गाडी नरम, गाडी नरम तर केळी सुखात. आमचे हे विहिरीवर अंघोळीला गेले होते. लग्नाला जायचं म्हणून साबण जरा जास्त वेळ चालला. तेवढ्यात माझं काम झालं.

अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून हे आले. गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "गाडी मागनं बसल्यासारखी वाटते गं."

"मग? वीस घड काय हवेत तरंगतील?" मी म्हटलं. माझा आवाज असा, की विचारणाऱ्यालाच लाज वाटावी. ह्यांना वाटलीही. गप चाकामागं बसले.

शेतातल्या रस्त्यावर गाडी अशी गेली की काय सांगू. पालखीत बसल्यासारखी. मी मागं वळून वळून घडांकडे बघत होते आणि स्वतःवर खूष होत होते. मग डांबरी सडक लागली. ऊन डोक्यावर आलेलं. साबणामुळे म्हणा की माझ्या लुगड्यांमुळे म्हणा, उशीर झालेला, म्हणून ह्यांनी गाडी पळवली. खकनारच्या अलीकडे मागून आवाज यायला लागला. फट्, फट्, फट्, जणू कुणी गाडीमागं धावत टाळ्या वाजवतंय. हे म्हणाले, "काय वाजतंय?" मी म्हटलं, "एखादं पान सुटलं असेल." मग एक मोठा धडाका झाला. गाडी डावीकडे ओढली गेली, ह्यांनी दोन्ही हातांनी चाक धरून ठेवलं, आणि आम्ही सडकेखालच्या नांगरलेल्या रानात जाऊन थांबलो.

ह्यांचं डावं मनगट मोडलं. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं. वीसच्या वीस घड ढेकळांत. कुठून तरी बकऱ्या आल्या आणि त्यांनी डाग न बघता खायला सुरुवात केली.

सडकेवर रबराचा एक लांब पट्टा पडला होता, सापानं कात टाकावी तसा. मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. त्यानं पट्ट्याकडे बघितलं, टायरकडे बघितलं आणि म्हणाला, "रिमोल्ड था ना? बस, फिर क्या."

रिमोल्ड म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर नव्या नक्षीचं रबर चढवलेलं. ह्यांनी पंधराच दिवसांपूर्वी ते मागं बसवून घेतले होते. नव्या टायरांपेक्षा बरेच स्वस्त. बसवायच्या आधी मला दाखवलेही होते आणि मी म्हटलं होतं, "छान दिसतात की." पण त्या दिवशी, त्या रानात, ट्रकवाल्याच्या तोंडून निकाल बाहेर पडला न पडला, तोच मी ओरडले, "मी यांना सांगतच होते! नको म्हणून सांगत होते!"

हे माझ्याकडे बघत राहिले. मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलेलं.

तेव्हापासून आमच्या घरात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, रिमोल्ड टायर म्हणजे मरण. दुसरी, आजोबांनी कंजूषपणा केला आणि आजीला खड्ड्यात घातलं. लग्नकार्यात ही गोष्ट निघायचीच, आणि सांगायला मीच पुढं. इतकी रंगवून सांगायची की दरवर्षी तो रबराचा पट्टा हातभर लांब व्हायचा. सगळे हसायचे. हेही हसायचे. मग "विहिरीवरची मोटार बघून येतो" म्हणून उठून जायचे. मनगट बरं झालं, पण त्यानंतर हे कधी चाकामागं बसले नाहीत. म्हणायचे, "मनगट साथ देत नाही." त्याच मनगटानं केळीचा घड खांद्यावर चढवताना मी ह्यांना हजारदा बघितलंय. बघितलं आणि पुढची भाकरी थापली.

जीप विकली. तो फाटका टायर शेतातल्या मोटारीच्या खोलीच्या छपरावर गेला. आमच्याकडे वादळात पत्रे उडतात, म्हणून त्यांच्यावर दगड नाहीतर जुने टायर ठेवायची पद्धत. तिथं तो वीसेक वर्षं पडून होता. मी शेतात गेले की त्याच्याकडे पाठ करून बसायची.

आता नातीकडे येते. ती गुरांची डॉक्टर झाली आहे. खकनारच्या पुढं डोंगराकडे ज्या छोट्या छोट्या वस्त्या आहेत, तिथल्या गुरांना लस टोचायचं काम तिला मिळालं. करारावरचं काम, आणि अट एकच, गाडी तुमची. बस तिथं जात नाही, मोटरसायकलवर औषधांची थंड पेटी नेता येत नाही. तिनं स्वतःच्या पगारातून एक जुनी जीप घेतली. इंजिन धडधाकट, चारही चाकांना जोर लागणारी. फक्त टायरांना टक्कल. पावसाच्या आधी लस टोचून व्हायला हवी, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार आणि हिला शहरात टेबलामागं बसवणार. चार नवे टायर घ्यायची तिची ऐपत नव्हती, आणि बापाकडून घ्यायचे नाहीत हा हट्ट. हट्ट कुणाकडून आला ते मी सांगत नाही.

तर एका सकाळी चहाच्या वेळी तिनं सांगितलं, "मी टायर रिमोल्ड करून घेतेय."

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, शाळेत गणित शिकवतो. त्यानं कप खाली ठेवला. "आपल्या घरात रिमोल्ड येणार नाही. आजोबांचं झालं तेवढं पुरे."

हे ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मान वर केली नाही. शेंगा फोडायचा आवाज तेवढा थांबला.

"पप्पा, एक म्हैस मेली म्हणून सगळ्यांना तोच रोग होता असं मी लिहून दिलं तर मला घरी बसवतील," नात म्हणाली. "आधी फाडून बघावं लागतं."

"काय फाडणार? तो टायर छपरावर आहे. जा, बघून ये."

"हां, तोच आणते. पोस्टमार्टम करते."

मला चहा कडू लागला. आणि त्याच वेळी, खरं सांगते, आत कुठंतरी गुदगुल्याही झाल्या. इतकी वर्षं मला एक गोष्ट कळली नव्हती. फुटलं ते रिमोल्डमुळे, की माझ्या आकड्यामुळे? मी स्वतःला कधी हे सांगायची, कधी ते. एखाद्या दिवशी वाटायचं, ट्रकवाल्याला काय कमी कळतं? आणि एखाद्या दिवशी वाटायचं, त्याला कुठं आकडा माहीत होता? टायरला काही आठवत असेल का, हे बघायला मिळणार होतं. मी म्हटलं, "मीपण येते."

"तू काय करणार तिथं?"

"तुझ्या म्हशीचं शेपूट धरीन."

दुसऱ्या दिवशी टायर छपरावरून उतरवला. आतून एक विंचू निघाला. तो साक्षीदार फरार झाला. टायर जीपच्या मागं टाकून, नात चालवतेय आणि मी शेजारी, अशा आम्ही शहरात शनवाऱ्याच्या पुढं रिमोल्डच्या कारखान्यात गेलो. शेजारी कापडाच्या लूमची खटखट, ह्या शेडमध्ये रबर घासल्याचा कर्रकर्र आवाज, आणि वास असा की पापड जळालाय आणि त्यावर कुणीतरी चप्पल ठेवलीय. मिस्त्री पन्नाशीचा. चष्मा दोरीनं मानेत अडकवलेला. त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "बैठो अम्मा, हात काळे होतील."

मी बसले नाही. इतकं बघण्यासारखं असताना बसतं कोण? एका टायरची उरलीसुरली नक्षी यंत्रावर घासून काढत होते, दुसऱ्याला गोंदासारखं काहीतरी फासत होते, तिसऱ्यावर नव्या नक्षीचा पट्टा गुंडाळत होते, साडीला फॉल लावतात तसा काठ जुळवून. मग त्याला रबराची पिशवी घालून एका मोठ्या लोखंडी पिंपात कोंडायचं आणि वाफवायचं.

"ढोकळ्यासारखं?" मी विचारलं.

"ढोकळाच, अम्मा. वाफ कमी झाली तर कच्चा, जास्त झाली तर कडक."

"आणि कच्चा निघाला तर?"

"तर पट्टा सुटतो. पण आजकाल कच्चा कमी निघतो. सुटतो तो जास्त करून दुसऱ्याच कारणानं."

ते दुसरं कारण मी विचारलं नाही. मी, जिनं तोवर त्याला पंधरा प्रश्न विचारले होते.

नातीचे चार टायर त्यानं एकेक करून बघितले. बाहेरून हात फिरवला, बोटांनी दाबलं, मग कडा फाकवून आत बल्ब सोडला आणि डोकं घातलं. पहिले दोन त्यानं बाजूला टाकले. "ह्याच्या कुशीत, ह्या बाजूच्या भिंतीत, फुगा आलाय. आणि ह्याला बघ बेटा, उभी चीर. ह्यांच्यावर मी चढवणार नाही. दुसरीकडे गेलीस तर कुणी चढवूनही देईल."

"पण नवी नक्षी येणार ना वर?" नात म्हणाली.

"नक्षी खाली, सडकेला टेकते तिथं येणार. तू जाणार कुठं?"

"खकनारच्या पुढं. डोंगरात."

"मग तिथं दगड आहेत. दगड तळव्याला कमी लागतो, कुशीला जास्त. कुशीवर मी काहीच चढवत नाही. ती जुनी ती जुनीच."

मला एकदम पटलं. मी नातीला म्हटलं, "मी नवी चप्पल घातली म्हणून माझे गुडघे काय नवे होतात?"

मिस्त्री इतका हसला की चष्मा दोरीवर झुलायला लागला. "अम्मा को काम पे रख लेता हूँ." मग गंभीर होऊन त्यानं सगळं समजावलं. उरलेल्या दोघांच्या कुशी चांगल्या आहेत, बनल्याच्या तारखाही फार जुन्या नाहीत, त्यांच्यावर चढवता येईल. पण ते मागं लावायचे. पुढची चाकं गाडी वळवतात, तिथं एकदम काही झालं तर सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून पुढं दोन नवे घे. चारही चाकांना जोर लावणार असशील तर चौघांचा घेर सारखा हवा, तो मी फितीनं मोजून देईन. डांबरी सडकेवर पळवायची नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या टायरवर चढवलेलं स्वस्त मिळतं म्हणून घ्यायचं नाही. "तुझ्या टायरनं काय भोगलंय ते तुला माहीत आहे. दुसऱ्याच्या टायरला काय काय झालं, ते त्यालाच ठाऊक."

नातीनं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, एक जुना टायर आणलाय. तो का फुटला ते सांगा. घरी भांडण आहे त्याच्यावर."

"राहू दे गं," मी म्हटलं. "उन्हात पडून पडून त्याचं खोबरं झालंय. आता काय कळणार?"

"आजी, तूच म्हणालीस ना शेपूट धरीन? मग धर."

मिस्त्रीनं टायर उभा केला. बाहेरून तो खरंच तडकून गेला होता, टाचेसारखा. मला जरा धीर आला. पण त्यानं बाहेरून बघितलंच नाही फारसं. फडकं ओलं करून आतली माती पुसली, बल्ब आत सोडला आणि बोटानं गोल, सबंध गोल एक रेघ दाखवली. दोन्ही कुशींच्या आतून, चाकभर. जणू कुणी घडी घातलेलं कापड कित्येक दिवस तसंच दाबून ठेवलंय.

"ही बघ. हवा कमी असली की टायर इथं दुमडतो. दर फेऱ्याला दुमडतो, उलगडतो, दुमडतो, उलगडतो. तार वाकवून वाकवून तोडतात ना, तापते ना ती? तसा हा तापला. वरून ऊन, वरून ओझं. वरचा पट्टा सुटला तो नंतर. ह्या हालात नवा टायरही टिकला नसता."

"म्हणजे रिमोल्डची चूक नाही?"

"चढवणाऱ्यानं काम चांगलं केलं होतं. बघ, पट्टा सुटला तिथं खालचं टायरमधलं कापड घेऊन सुटलाय. चिकटलेलं पक्कं होतं. ह्याला हवेविना चालवला. थोडी कमी नाही, बहुत कमी."

नात खाली बसून ती रेघ बघत राहिली. मग तिनं वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता म्हणाली, "म्हणजे आजोबांनी निघताना हवाच बघितली नाही. बिचारे. पप्पांना सांगते, टायरची चूक नव्हती, आजोबांचा निष्काळजीपणा होता."

मी तिच्या पेनाकडे बघत होते. आजोबांचा, इतकं लिहून झालं होतं.

इतकी वर्षं हे कंजूष होते. आता निष्काळजी होणार होते. आणि पुढच्या लग्नात ती नवी गोष्ट कोण रंगवून सांगणार होतं, तेही मला दिसत होतं.

"थांब," मी म्हटलं. "ते खोड."

"काय?"

"आजोबांनी बघितली होती गाडी. गाडी मागनं बसलीय म्हणाले होते. मीच त्यांना गप्प केलं. हवा मी काढली होती. आकड्यानं."

"कसल्या आकड्यानं?"

मी अंबाड्यातला आकडा काढून तिच्या हातात ठेवला. तोच नव्हे, पण तसाच. मग सगळं सांगितलं. बहिणीची वांगी, घड, उंटाचा पाय, साबण. मिस्त्रीचं यंत्र चालवणारी माणसंही यंत्र बंद करून ऐकायला लागली. नात आधी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "केळीसाठी! आजी, केळीसाठी?" मिस्त्री म्हणाला, "अम्मा, कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी करतात, ते चूक नाही. पण डांबरी लागली की परत भरतात. आणि आकडा नाही, काटा लावून मोजतात."

"परत भरायची असते हे मला कुठं माहीत होतं?"

"पूछना था ना."

मग नातीचं हसू हळूहळू उतरलं. तिनं टायरच्या आतल्या त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजी, म्हणून आजोबा गाडी चालवत नाहीत?"

मी पदर डोळ्यांना लावला. रबराचा वास डोळ्यांत जात होता, असं आपण लिहूया.

परत येताना तिनं शनवाऱ्यावरून हवा मोजायचा एक काटा आणि पायानं मारायचा पंप घेतला. गाडीत म्हणाली, "पप्पांना मी समजावते. आजोबांना तू सांगायचं. मी एक शब्द बोलणार नाही." मी म्हटलं, "उद्या सांगितलं तर?" तिनं गाडी घराच्या दारात उभी केली, काटा माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

हे ओसरीवरच होते. शेंगांचा ढीग संपला होता, आता टरफलं गोळा करत होते. मुलगा शाळेतून येऊन पेपर तपासत बसलेला. मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर आडवळणानं सांगितलं असतं, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. केळी, आकडा, फुस्स. आणि "मी सांगत होते यांना" असं जे ओरडले, ते मी कधीच सांगितलं नव्हतं, उलट छान दिसतात म्हटलं होतं, तेही सांगितलं. मुलाच्या हातातलं लाल पेन पेपरवर टेकलेलं तसंच राहिलं. एका पोराच्या उत्तरावर भला मोठा लाल ठिपका पसरला.

ह्यांनी उरलेली टरफलं सुपात भरली. मग विचारलं, "दोन्हींतली सारखी काढलीस?"

"नाही," मी म्हटलं. "डाव्यातली जास्त निघाली. मध्येच शेजारच्या शेतातली बाई विळा मागायला आली आणि माझं मोजणं चुकलं. म्हणून परत एकपासून मोजलं."

"तरीच," हे म्हणाले. "तरीच डावीकडे ओढली. मला इतकी वर्षं वाटत होतं, मी चाक डावीकडे फिरवलं."

एवढंच. मुलानं उठून ह्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि टरफलं स्वतः बाहेर टाकून आला, त्याच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच. रिमोल्डचं नाव त्यानं परत काढलं नाही.

आठवड्याभरात टायर तयार झाले. पुढं दोन नवे, मागं दोन ढोकळे. मिस्त्रीनं घेर मोजून दिला. नात पहिल्यांदा डोंगराकडे निघायची होती, त्या सकाळी थंड पेटी गाडीत चढली, मी चाकांना हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. आणि मग सवयीनं, अगदी सवयीनं, मागच्या डाव्या टायरवर अंगठा दाबून बघितला, आपण घड पिकला का ते बघतो तसा.

हे ओसरीच्या पायऱ्या उतरून आले. सदऱ्याला इस्त्री होती. गाडीभोवती एक सबंध फेरी मारली, मागून बसलीय का ते वाकून बघितलं, डावा हात माझ्यापुढं केला आणि म्हणाले,

"तो काटा दे इकडं. पोरगी निघायच्या आधी रोज हवा मी बघत जाईन, आणि आज खकनारपर्यंत गाडीही मीच नेतो, पुढं डोंगर तिचा तिनं चढावा. तू ये बरोबर, पण चाकांपासून चार हात लांब राहा, आणि त्याच्याआधी डोक्यातला आकडा माझ्या हातात ठेव."